अप्पांच्या फळीखालची पिशवी

बिडीचं बंडल सुटलं की ताडकळसचे पानवाले शिवलिंगअप्पा त्याचं लेबल आधी टराटरा फाडत. गिऱ्हाइकं हसत. कपाळावरची विभूती सावरत अप्पा म्हणत, "हसा. ह्यो कागद साबूत गेला, तर त्यात कुणी बी बिड्या भरंल. सरकारचा कर बुडंल, आन् आमचं दुकान बी."

ते किती खरं होतं हे मला ठाऊक होतं. टपऱ्यांवरून रिकामी लेबलं गोळा करायची, आणि त्यांत गुंडाळलेल्या बिनकराच्या बिड्या त्याच टपऱ्यांवर स्वस्तात टाकायच्या, हा माझा धंदा होता. अप्पा घेत नसत.

"अप्पा, शेजारचा स्वस्त इकायलाय. सगळी तिकडंच जायलीत," मी डिवचायचो.

"जाऊ दे की. खोकला लागला की येत्यात माघारी."

त्यांच्या दुकानाची आणखी एक रीत होती. बाजारच्या दिवशी लोक आपल्या पिशव्या त्यांच्या फळीखाली ठेवून गावात फिरत. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. कधी बंद, कधी दगडफेक. बस अडकली की पिशव्या मुक्कामाला राहत. कोण कुठल्या वस्तीचा, आत काय, अप्पांनी कधी विचारलं नाही. "उघडूनच बघायचं, तर ठिवून कशाला घ्यायचं?"

एका बाजारच्या दिवशी एक्साइजची जीप आली. मी माझी पिशवी त्या फळीखाली सरकवली आणि समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. साहेबांनी पिशवीतली बंडलं बाहेर काढली.

"कुणाची ही?"

अप्पांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. माझ्याकडेच. मी बशीत पाहिलं.

"माझ्या दुकानात हाय, म्हंजी माझीच म्हना," अप्पा म्हणाले.

दुकानातला सगळा माल जप्तीत गेला. एजन्सीनं बिड्या देणं बंद केलं; अप्पा नुसती पानं विकू लागले. जे गाव माझ्या स्वस्त बिड्या ओढत होतं, तेच त्यांना चोर म्हणू लागलं.

धंदा सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी मी धीर करून, पिशवी घेऊन तिथं गेलो. एक म्हातारी गाठोडं ठेवत होती.

"मावशे, सोडून दाव जरा," अप्पा मान खाली घालून म्हणाले.

"या बया! अप्पा, तुमी कवापासून बघायलाव?"

"सोड म्हनलं ना."

तिनं गाठ सोडली. आत बाळंतिणीसाठी घेतलेला डिंक आणि खारका होत्या. अप्पांनीच ती गाठ पुन्हा बांधून दिली.

मग माझी पाळी आली. मी आपण होऊन पिशवी उघडू लागलो, तर अप्पांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तुझी बघायची गरज न्हाई."

पिशवीत माझे धुतलेले कपडे होते, दुसरं काही नव्हतं. मी ती तशीच फळीखाली ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले.