उरलेलं अर्धं गाणं

मामा मुंबईला गोदीच्या कँटीनमध्ये कामाला होता. सुट्टीत तो आला की त्याचा ट्रान्झिस्टरही यायचा आणि मामापेक्षा त्याचंच स्वागत जास्त व्हायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी परदेशी स्टेशन धरता धरता एक गाणं लागलं. तीन-चार पोरं पत्रे बडवताहेत आणि एक जण कोणावर तरी मनसोक्त ओरडतोय, असं ते गाणं. अर्ध्यातच स्टेशन गेलं. मामा रेडिओ घेऊन माळवदावर चढला, तरी सापडलं नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, त्या अर्ध्या गाण्यानं झपाटली, आणि तिच्यामागे मीही. शब्द एकही कळला नव्हता. पण इतकं ओरडलेलं रेडिओवर लावतात, हे आम्हाला नवीन होतं. आम्ही जरा मोठ्यानं हसलो तरी आई म्हणायची, "हळू, रस्त्यावर ऐकू जातंय."

गाण्याआधी रेडिओवर सांगितलेलं बँडचं आणि गाण्याचं नाव मामानं विडीच्या बंडलावर लिहून घेतलं होतं. वर्षभरानं त्यानं एका खलाशाकडून त्याच गाण्याची तबकडी मिळवून पाठवली. पाकिटावर गायकाचा फोटो होता. अंगानं काडी, सदरा फाटका आणि जागोजाग सेफ्टीपिना.

आईनं फोटो उलटसुलट पाहिला. "ह्याला बटन लावून द्यायला कोणी न्हाई का?"

"तुझ्याबी बांगडीत चार पिना हायेत की," अक्का म्हणाली.

"माह्या कामाच्या हायेत."

आता तबकडी होती, पण वाजवायला मशीन नव्हती. ती जवळा बाजार गावच्या लाउडस्पीकरवाल्या काकांकडे होती. आम्ही बाजारच्या दिवशी गेलो. काकांनी तबकडीवरून बोट फिरवलं.

"लई नाजूक हाय. माझी सुई जाड, जुन्या तव्याच्या रेकॉर्डींची. एक डाव वाजंल, मंग खरडून निघंल. बघा बाई."

मी म्हणाले, राहू दे, कधीतरी नांदेडला चांगल्या मशिनीवर ऐकू. अक्कानं माझं ऐकलं. तबकडी पेटीत गेली. आम्ही मधूनमधून फोटो बाहेर काढून बघायचो, माहीत होतं तेवढं अर्धं गाणं ओरडायचो आणि पुन्हा पेटी लावायचो.

मग अक्काचं लग्न ठरलं. सासर गोरेगाव, मुंबईचं नव्हे, आमच्याच भागातलं. लाउडस्पीकर अर्थातच काकांचा. लग्नाच्या सकाळी पांढरी साडी नेसून तयार झालेल्या अक्कानं पेटी उघडली आणि तबकडी माझ्या हातात दिली.

"काकाला दे जा."

"काहून? खराब होईल की. नांदेडला..."

"नांदेड-नांदेड करता लगीन आलं. उद्यापासून मी गोरेगावात. तिथं कोण मशीन मांडून बसलंय माझ्यासाठी? मला ते पुरं ऐकायचंय. जा."

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पहिली पंगत बसली. काकांनी सुई टेकवली आणि लिंबावरचा कर्णा फुटल्यासारखा ओरडला. बैलांनी दाव्याला हिसके दिले. वाढपी वरणाची बादली घेऊन तसाच उभा राहिला. चुलते पानावरून अर्धे उठले, "कोण भांडून राहिलं रे?"

अक्का रीतीप्रमाणे मान खाली घालून बसली होती, पण टाच ताल धरून आपटत होती. रेडिओवर जिथं स्टेशन गेलं होतं ती जागा आली. गाणं पुढं गेलं.

उरलेलं अर्धं हुबेहूब पहिल्या अर्ध्यासारखंच होतं. तेच ओरडणं, तेच पत्रे, आणि संपलं. दीड वर्ष आम्ही ह्यासाठी थांबलो होतो. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि ती इतकी हसली की मावशीनं तिला कोपरखळी मारली.

नवरदेव वाकून म्हणाले, "कोण हाय हा गाणारा?"

"आमचाच हाय," अक्का म्हणाली.

"मंग अजून एकदा लावायला सांगा की."

मीच पळत गेले. काका नको नको म्हणत होते, पण जावयाची फर्माईश. ह्या वेळी नुसती खरखर, कढईत तेल तापल्यासारखी, आणि तिच्या तळाशी कुठंतरी तो गाणारा. काका हात जोडून मांडवात आले. "माफ करा पाव्हणं, तबकडी गेली."

"व्हय? कवा?" नवरदेव म्हणाले. "मला तर बराबर पयल्यासारखीच वाटली."

अक्का पुन्हा हसली, ह्या वेळी रस्त्यावर ऐकू जाईल इतकी. आई बुंदी वाढत पुढं गेली. बुंदी संपत आली होती, म्हणून मी दुसऱ्या पंगतीत जागा धरली.