हाकामावशीपुढचे दाणे

घाटघरच्या हाकामावशीला फोनची गरज लागत नसे. सकाळी ती बांधावर उभी राहिली की खालच्या वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत आवाज जायचा. "ए सखू! पावणं नाणेघाटात पोचलं, तुझं अजून डोस्कं इंचरणं चाललंय व्हय!" सखू आतून शिव्या घालायची, पण यायची.

ईशान, माणसं एकत्र येऊन धंदा कसा उभारतात, या संशोधनात तू आता शिरतो आहेस, म्हणून हे लिहिते. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मुक्तालाही वाचायला दे.

सात बायकांनी मिळून घाट बघायला येणाऱ्यांसाठी खानावळ काढली होती. मावशी सातवी. संधिवाताने बोटं वाकलेली, भाकरी थापता येत नसे. "माझी भाकर बघून पावणं आल्या वाटंनं परत जात्याल," असं तीच म्हणे. तिचं काम हाका मारायचं.

आणखी एक काम होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. सखू आणि कांता भांडल्या की ती सखूकडे जाई. "कांता रडत व्हती गं, म्हणली माझंच चुकलं." मग कांताकडे जाऊन सखूच्या नावाने तेच. "खोटं बोलती मी, बाई. पर दोघी चुलीपाशी येत्यात का न्हाई? तुमी मातर कुनाला सांगू नका. कळलं तर पुन्यांदा तोंड बघायच्या न्हाईत."

मग परदेशातून तीन अभ्यासक आले: एक अर्थशास्त्राचे, एक समाजशास्त्राच्या, एक मानसशास्त्राचे. मी जुन्नरच्या शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका, म्हणून दुभाषी. त्यांनी प्रत्येकीला वालाचे दहा दाणे दिले. खानावळ जिच्यामुळे चालते असं वाटतं, तिच्या फोटोपुढे ते एकेकटीने आत येऊन ठेवायचे, स्वतःच्या नाही. मावशीने पाच सखूपुढे ठेवले, पाच कांतापुढे.

मी शाळेतल्या सवयीने निकाल मोठ्याने वाचला. सखू एकवीस. कांता अठरा. शेवटी म्हणाले, "मावशी, शून्य."

"बराबर हाय," मावशी हसली. "वरडायला काय लागतंय?"

नंतर सहाही जणींनी मला एकेकटीने गाठलं. प्रत्येकीचं म्हणणं एकच: "बाई, मला वाटलं मावशीपुढं बाकीच्या ठेवत्यालच की."

पुढच्या शनिवारी बांधावर कोणी नव्हतं. खानावळीत चौघीच आल्या. मी मावशीच्या घरी गेले. ती म्हणाली, "ज्यांची खानावळ हाय त्यांनी माराव्या हाका." तिचं दुसरं काम सगळ्यांना सांगावं, असं मनात आलं. पण शब्द दिला होता. महिन्याभरात सखू आणि कांता एका पातेल्यावरून भांडल्या. या वेळी मध्ये कोणीच गेलं नाही. दिवाळीआधी खानावळीला कुलूप लागलं. गट का फुटला ते कळलं नाही, असं अभ्यासकांनी मला कळवलं.

पुढच्या पावसाळ्यात मावशी पाण्याला गेली आणि झऱ्यावर घसरून पडली. संध्याकाळी सापडली. बराच वेळ जिवंत असावी, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. झऱ्यावरून सखूचं घर दिसतं.

सखू अजून विचारते, "बाई, तिनं हाक मारली आसंल का वं? मला ऐकू आली न्हाई."

"पडल्या पडल्या गेली गं," मी सांगते. "हाक मारायला वेळच मिळाला नाही."

मग कांताकडे जाते आणि तिलाही तेच सांगते.