खाऱ्या पाण्यावरचा आळ

आईचे पाय सुजले तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. संग्रामपूरकडचं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की मिठाचा खडा चघळल्यासारखं लागतं. किडनीचं दुखणं आमच्याकडे गल्लीगणिक सापडेल, आणि कुणाला झालं की माणसं एवढंच म्हणतात, "पान्यानं धरलं." मीही तेच म्हटलं. पुण्याहून भावाला फोन केला, आजपासून आईला फिल्टरच्या कॅनचंच पाणी द्यायचं म्हणून बजावलं आणि निर्धास्त झाले. आईला आधीपासून शुगर होती, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

माझी शाळा सातवीतच सुटली. आमच्या शिवारात बीटी कपाशी आली होती. बोंडं सगळी एकदम फुटायची, वेचायला हात पुरायचे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आईशेजारी वेचायला उभी राहिले, ती पुन्हा वर्गात गेलेच नाही. पुढे बोंडअळी परतली, फवारण्या वाढल्या, शेत पोसेनासं झालं. लग्नानंतर आम्ही नवराबायको पुण्याला आलो आणि मला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये साफसफाईचं काम मिळालं. तिथल्या मॅडमनी मला हाताशी धरलं. नळ्यांवरची नावं वाचायला लावली, चुकले तर पुन्हा वाचायला लावली. त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगत बसले तर हे लिखाण संपायचं नाही.

भावाला फोन केल्यावर काही दिवसांनी मॅडमनी कुणाच्या तरी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. पिवळा चौकोन हिरवा झाला.

"प्रोटीन जातंय," त्या म्हणाल्या. "शुगरचा पेशंट. किडनीला लागलं."

"शुगरनं कसं लागेल? किडनी तर पाण्यानं जाते."

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "पाण्यानंही जात असेल, मी नाही म्हणत नाही. पण शुगरचं ऐक. रक्तात साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी आपलं दार लोटून घेतात. किडनीतल्या काही पेशींना ते जमत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी आत शिरते. ती पचवता पचवता त्या आतून होरपळतात. रक्त गाळायची जी बारीक गाळणी आहे ना, तिला धरून बसलेल्या पेशी असतात. त्या गळून पडल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. गाळणी सैल होते आणि अंगात राहायचं प्रोटीन बाहेर पडतं."

"दुखत असेल ना?"

"बरीच वर्षं काहीच दुखत नाही."

मला आईचा चहा आठवला. खाऱ्या पाण्यात दूध नासतं, म्हणून आमच्याकडे कोरा चहा. खारटपणा मारायला त्यात मुठीने साखर. वेचणीच्या दिवसांत किटली धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावरच असायची, दिवसाला पाचसहा वेळा. शुगर निघाल्यावर आईने जिलेबी सोडली, लाडू सोडला. चहा मात्र तिने गोडात कधी धरलाच नाही.

मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"माय, चहात साखर किती टाकून राह्यली तू?"

"काऊन व? पुन्यातली सरली का?"

"सांग न."

"पयलेइतकीच. मीठ मारा लागते."

"आता त कॅनचं पानी हाय. त्यात कुठचं मीठ?"

ती म्हणाली, "हाव व. हे काई ध्यानात नाई आलं."

"आन शुगरची गोळी?"

"चक्कर आली का घेतो."

आठवड्याभरात भाऊ तिला घेऊन आला. गाडीतून उतरताच आई माझ्या कानाशी लागली, "दोन दिस झाले, भाकरीले हात नाई लावला. पाह्य कशी पास होतो." आमच्याकडे शुगर तपासायची म्हणजे परीक्षाच. चार दिवस आधी खाणं तोडायचं, रिपोर्ट चांगला आला की गावभर सांगायचं. उपाशीपोटीची शुगर खरंच बरी निघाली. आईने माझ्याकडे बघून मान उडवली. पण मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही लावली होती. त्यात सगळं उघडं पडलं.

"हे तीन महिन्याचं कुठून काढलं व बाई?" आई चिडली.

"मावशी, हा पेपर तुम्ही घरूनच लिहून आणलाय," मॅडम म्हणाल्या.

आई हसली. मला मात्र हसू येईना. तिच्या लघवीची बाटली माझ्याच हातात होती, मी बाटलीवर आईचं नाव लिहिलं आणि पट्टी बुडवली. पट्टीचा चौकोन हिरवा झाला.

मॅडमनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. पण किडनीचं काम अजून पुष्कळ शाबूत आहे आणि उरलेलं वाचवता येईल. शुगरची गोळी रोज. गाळणीवरचा दाब उतरावा म्हणून बीपीची एक. अंगदुखीवर आई दुकानातून आणायची ती गोळी बंद, तीही किडनीला खाते. बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेऊन आई म्हणाली, "हे त फवाऱ्याचं औषध हाय." पण कप तिने रिकामा केला.

ती गावी परतली आणि माझी धास्ती तेवढी पुण्यात राहिली. सकाळी गोळीच्या वेळेला फोन करायचे. ती वैतागायची, "घेतली व माय, घेतली. आता मले वावरात जाऊ देतं का?"

तीन महिन्यांनी भावाने तालुक्याला तिची तपासणी करून रिपोर्टचा फोटो पाठवला. मी मोबाइल मॅडमपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"तूच वाच."

मी आधी नाव वाचलं, मग लघवीच्या प्रोटीनची ओळ शोधली, आणि जुना रिपोर्ट काढून दोन्ही आकडे शेजारी शेजारी धरले. पुन्हा एकदा पाहिले.

"कमी झालंय," मी म्हणाले.

"खात्री आहे?"

"आहे."