कमलाअम्माच्या मांडीतली सळी

बायकोला यातलं निम्मं ठाऊक आहे, बाकीचं कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच चेहरा पाडू नका — मला तुमची दया नको, आणि ‘निदान बोललात तरी’ ही शाबासकी तर मुळीच नको.

मी हाडांचा डॉक्टर, तंजावुरातला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. परदेशी माल देशात मोकळेपणी यायला लागला होता, ते दिवस. रघू — माझ्या बायकोचा मामेभाऊ — अशाच एका कंपनीचा एजंट झाला. मोडलेल्या मांडीच्या हाडात घालायची सळी विकायचा. मी ती घालायचो. कंपनीने मला सल्लागार केलं, मानधन बायकोच्या नावावर, वर दोघांना सिंगापूरची सहल. लाच? छे, कोण म्हणतं! सगळेच घेत होते. हे ‘सगळेच’ मी किती वर्षं चघळत बसलोय, काय सांगू.

मग कंपनी म्हणाली, सळीचा अनुभव लिहा, वैद्यकीय मासिकात छापू. मी लिहायला बसलो — आणि नेमकी मीच कमलाअम्माच्या मांडीत घातलेली सळी आतल्या आत तुटली.

ही जवळच्या ओरत्तनाडू गावची, ब्लाउज शिवणारी. पायमशीन. पाय चालला तरच घर चालणार.

आमच्या तंजावूरच्या मराठी लोकांची एक खोड आहे. चारचौघांत गुपित बोलायचं तर मराठीत बोलायचं — दुकानात, बसमध्ये, रुग्णाच्या खाटेशीसुद्धा. कुणाला कळतंय! रघू खाटेशी उभा राहून म्हणाला, “भावजी, ही एक केस सगळ्यावर पाणी फिरवेल.” मी म्हटलं, “गाळून टाकू. लिहू, बाई परत तपासायला आलीच नाही.” आणि — हेही ऐका — मी हसलो.

खाटेवरून आवाज आला, थेट आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत. “मी तर दर सोमवारी येते की, अण्णा.”

रघू पंख्याकडे बघायला लागला. मला लाज वाटली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? राग आला! तिच्यावरच खेकसलो — आमच्यातली असून आधी सांगायला काय झालं होतं? चोरून ऐकतेस? तुटलेला पाय घेऊन पडलेल्या बाईला मी हे विचारलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

लेख छापून आला. त्यात ती ‘पुढील तपासणीस आली नाही’. शेवटी एक ओळ — लेखकाचा कंपनीशी कोणताही आर्थिक संबंध नाही. ती लिहिताना काही वाटलं का? काही नाही. लिहिली आणि जेवायला गेलो. तो लेख वाचून कुठकुठल्या डॉक्टरांनी कुणाकुणाच्या मांडीत ती सळी घातली, मी कधी विचारलं नाही. लेख मागे घेतला नाही. आजही घेतलेला नाही.

कमलाअम्माला मी दुसरी सळी घातली, पण पाय आखूड राहिला. मशीन तिने पुतणीला देऊन टाकलं.

ती येत राहिली, लंगडत. रघूही यायचा. मी स्वतःत सुधारणा केली ती एवढीच — त्यानंतर तिच्यासमोर आम्ही इंग्रजीत बोलायला लागलो.