गप्प बसायचा खेळ

नारपोलीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात सोनल मागासाठी सुताच्या कांड्या भरते. तिचा नवरा मनोज कोन गावातल्या गोदामात हमाली करतो. दोघं ड्युटीवर गेली की त्यांची चार वर्षांची दिशा खोलीत एकटी. बाहेरून कुलूप, एकुलती चावी शेजारच्या आक्काकडे. दुपारी आक्का कुलूप काढून तिला जेवू घालायची. गल्लीत निम्म्या घरांत असंच चालतं, त्यामुळे सोनलला त्यात वावगं असं काही वाटलं नव्हतं.

मग मेघाली आली. कामगारांच्या घरातली मुलं कशी वाढतात, यावर संशोधन करणाऱ्या संस्थेतली मुलगी. तिनं दिशाचं वजन केलं, उंची मोजली, पोरगी झोपेत दचकते का ते विचारलं. शेवटी विचारलं, दिवसा हिच्याजवळ कोण असतं? सोनल बोलून गेली, सासू असते. पुढच्या वेळी त्यांनाही भेटते, असं सांगून मेघाली गेली.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरची नूरजहाँ हे ऐकून हसली. "अकेला बच्चा मिला ना, तो ये संस्थावाले उठा के ले जाते हैं."

त्याच संध्याकाळी सोनल क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आली. तिनं दिशाला एक खेळ शिकवला. दार वाजलं की खाटेखाली जायचं आणि गप्प बसायचं. आईच्या आवाजात कुणी बोललं तरी गप्पच. सोनल बाहेरून लाडानं हाका मारायची. पोरगी बोलली नाही, तर क्रीमचं बिस्कीट.

एप्रिलमध्ये एका दुपारी लाइट गेली, लूम थांबले आणि शेठनं सगळ्यांना घरी पाठवलं. सकाळी दिशाचं अंग कोमट लागलं होतं, म्हणून सोनल धावतच आली. आक्काच्या दाराला कुलूप. भाऊ वारल्याचा फोन आला, तशी ती कमरेला चावी खोचून वज्रेश्वरीला गेली, असं समोरच्या बाईनं सांगितलं.

सोनलनं दार वाजवलं, हाका मारल्या. खिडकी आतून बंद. वर पत्रा तापलेला. लूम बंद असल्यानं गल्लीत पाण्याचा थेंब पडला तरी ऐकू येत होता, पण आतून श्वासाचा आवाजही येत नव्हता. खेळत असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. आणि नसेल तर?

"काय झालं, ताई?" मागे मेघाली उभी होती, खांद्याला वजनकाट्याची पिशवी.

घरात कुणी नाही, एवढं म्हटलं असतं तर ती निघून गेली असती.

"पोरगी आत हाय," सोनल म्हणाली. "एकटीच हाय. सासू नाय मला."

मेघालीनं पिशवी खाली टाकली. जवळच्या कारखान्यातल्या फिटरला तीच बोलावून घेऊन आली. हातोडीच्या घावांनी कुलूप तुटलं, तरी आत हालचाल नाही. सोनल गुडघ्यांवर बसली आणि खाटेखाली वाकली.

दिशा घामानं चिंब, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. आईला बघून तिनं हात काढले. "मी एकदापण नाय बोलले. बिस्कीट दे."

सोनलनं तिला ओढून छातीशी धरलं. दारातून मेघाली काहीतरी बोलायला पुढे आली. सोनलनं पोरीच्या फ्रॉकवरची मूठ आणखी घट्ट केली.