हिरे गट

ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी साऱ्या शाळेत रोज एक तास राखायचा, असा आदेश आला. आमच्या वलगावकडच्या शाळेत मुख्याध्यापकांनी पहिलं काम केलं ते गटांना नावं शोधण्याचं. इयत्ता विसरायची. उतारा वाचणारे सूर्य, शब्द वाचणारे चंद्र आणि अक्षरांपाशीच अडलेले हिरे. मुलांना वाईट वाटू नये म्हणून. हिरे माझ्या वाट्याला आले, कारण बाकीचे शिक्षक जुने होते. त्यांना हिऱ्यांची पारख होती.

तिसरीच्या पोरांत सातवीची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "तुम्ही सगळे हिरे आहात," मी म्हटलं.

"मॅडम, हिरे म्हंजे ढ, हे साऱ्या शाळेले मालूम हाये," ती म्हणाली. "सरळ ढ म्हना ना. आमी काय रडून राहिलो?"

पोरं खिदळली. मी रागावणार, तोच तिने विचारलं, "तुमाले काय येत नाही?"

ऐनवेळी खोटं सुचलं नाही. "सायकल."

"एवढ्या मोठ्या झाल्या अन् सायकल नाही येत? मंग तुमी बी हिऱ्यातच."

शाळा सुटल्यावर ती मला सायकल शिकवू लागली. तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या उभ्या गाडीवर जाऊन आदळले. अख्खी शाळा हसली, मुख्याध्यापक सोडून. दुसऱ्या दिवशी मैदानाकडे जायला पाय उचलेना, तेव्हा कळलं की मी या मुलीला रोज सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावतेय. ते बंद केलं. तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुला काय वाचायचंय?"

"आमच्या ताईचे मेसेज."

ताई लग्न होऊन अकोल्याला गेली होती. आईला वाचता येत नाही, म्हणून तिचे मेसेज शेजारची काकू वाचून दाखवायची. "ताई लिहिते लंबंचौडं, अन् काकू वाचते दोन ओळी," मुलीचं म्हणणं.

मग आम्ही पाठ्यपुस्तक मिटलं. ती आईचा फोन आणायची आणि आम्ही मेसेजमधले शब्द फोडत बसायचो. जोडाक्षर आलं की ती त्याला शिवी घालायची, मी ऐकलंच नाही असं दाखवायचे. दिवाळीनंतर एका सकाळी ती फाटकातूनच ओरडत आली, "मॅडम, काल पुरा मेसेज वाचला! आईले वाचून दाखवला!"

"काय लिहिलं होतं?"

"काकूलेच नावं ठेवली होती. म्हून तर थे अर्धंच वाचे!"

मुख्याध्यापकांनी तिची चंद्र गटात बढती झाल्याची नोंद केली आणि अहवालात स्वतःच्या नियोजनाचं कौतुकही. तिने मात्र जागा सोडली नाही. "मी गेली तं या पोराईले कोन पाहीन? तुमाले एकटीले नाही जमत," म्हणाली. खरंच होतं ते.