गुलाबच्या जबड्यातली पिशवी

दुसऱ्याच्या लग्नात दिवसभर ताटकळायचं, नवरदेव निघेपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढायची. बँडवाल्यांजवळ किस्से साचणार नाहीत तर काय होईल? आमच्या वडनेर भोलजीच्या पार्टीचे पोतंभर आहेत. मी दामू ढोलवाला. चौथीत शाळा सोडली, पुढं जन्मभर ढोल बडवला, तेव्हा भाषा गोड नाही. ज्याला गोड पाहिजे त्यानं जिलबी खावी. आज फक्त गुलाबच्या जबड्याचे सांगतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षंच झाली होती तेव्हाचे.

*

गुलाब आमचा कॉर्नेटवाला. ते पितळी भोंगाड तोंडाला लावलं की त्याचे दोन्ही गाल लिंबासारखे फुगायचे. त्यामुळे उजवा गाल कायमचाच फुगला आहे, हे आमच्या ध्यानात वर्षभर आलं नाही. सात माणसं, चौदा डोळे!

शेवटी सोनाळ्याच्या एका लग्नात नवरीच्या आजीनं त्याला पंगतीत पाहिलं. पोळी खातोय आणि गाल तसाच.

"बापू," म्हातारी म्हणाली, "जेवताना तरी वाजवणं थांबव."

*

मग जो तो डॉक्टर झाला. बँडमास्तर शेषराव म्हणाला, गालात वारं राहिलंय, फुंकणाऱ्याला होतंच. उपायही त्यानंच काढला. रोज सकाळी उलटं वाजवायचं, म्हणजे कॉर्नेटमधून हवा आत ओढायची, वारं आपोआप निघून जातं.

गुलाबनं आठ दिवस इमानेइतबारे हवा ओढली. आठव्या दिवशी कॉर्नेटमधली वाळलेली गांधीलमाशी त्याच्या घशात गेली. सूज होती तेवढीच. शेषराव म्हणाला, "पाह्य, काहीतरी निघालं ना?"

मी म्हटलं, हा गाढवपणा पुरे, दातांच्या डॉक्टरकडे चल. गुलाब म्हणे, दुखत नाही तर काऊन जायचं? दुखत नव्हतं हे खरं. पण दाढा हलायला लागल्या, तेव्हा त्याच्या बायकोनं, कौसल्येनं, त्याला हाताला धरून गाडीत बसवलं. मीही गेलो. कुणीतरी शहाणं सोबत पाहिजे.

*

अकोल्याच्या डॉक्टरनं जबड्याचा फोटू काढून उजेडाला धरला. हाडात अक्कलदाढ आडवी पडलेली, कधी बाहेरच न आलेली. तिच्याभोवती पाण्याची पिशवी. ती वाढत वाढत आतून हाड खात होती.

कौसल्या म्हणाली, "मी लग्नापासून सांगून राह्यली, डॉक्टरसाहेब. ह्यांची अक्कल काही बाहेर आली नाही."

डॉक्टर हसला. मी हसलो नाही. मी सरळ विचारलं, "हा मरते काय?"

कौसल्येनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागं घेतली. पण डॉक्टर माणूस चांगला, त्यानंही सरळच सांगितलं. अशा पिशव्या बहुतेक साध्या असतात. क्वचित एखादीच्या अस्तरात कॅन्सर धरतो. वरून पाहून कळत नाही. पिशवी काढायची, अस्तर नागपूरला तपासायला पाठवायचं, आणि कागद येईपर्यंत वाट पाहायची.

गुलाबनं एकच विचारलं, "वाजवता येईन काय?"

डॉक्टर म्हणाला, आधी कागद येऊ दे. मग हाड भरू दे. मग पाहू.

*

पिशवी काढली. जबडा हलू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलं, आणि आठ दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. घरी आणून खाटेवर निजवला. त्याची आत्या भेटायला आली. तिनं दारातूनच ते मढ्यासारखं बांधलेलं तोंड पाहिलं आणि तिथंच बसून गळा काढला. अर्धी गल्ली गोळा झाली.

गुलाबला बोलायची बंदी. बिचारा उठून बसला आणि तिला गप्प करायला हात वर केला.

आत्या पुढं वर्षभर त्या गल्लीत आली नाही.

*

कॅन्सर हा शब्द गावात आमच्या आधी पोचला होता. लोक म्हणायला लागले, लागट असते, एकाचं दुसऱ्याला होते. एका यजमानानं मला मांडवाबाहेर उभं राहून वाजवायला सांगितलं. मी म्हटलं, "ढोलाले जबडा नसते, भाऊ." आणि आतच उभा राहिलो.

तीन आठवड्यांनी कागद आला. डॉक्टरनं वाचला. कॅन्सर नाही. पिशवी परत होऊ शकते, म्हणून दरवर्षी फोटू काढायला या. कौसल्या म्हणाली, आता हळू वाचा. त्यानं पुन्हा हळू वाचला. मी बाहेर जाऊन टांगेवाल्याशी विनाकारण भांडलो.

गुलाब मात्र काहीच बोलला नाही. बंदी उठून पंधरा दिवस झाले होते, तरी गप्पच. घरी आल्यावर नुसता ओट्यावर बसायचा, बस.

*

कागद आम्हाला पटला, गावाला नाही. गुलाबच्या जागी गावातलाच महादेव वाजवणार होता. कौसल्येनं कॉर्नेट उकळत्या पाण्यात घातलं, चिंचेनं घासलं, तरी महादेव त्याला तोंड लावीना. दुसरं कॉर्नेट आमच्याजवळ नव्हतं.

अशात गावातलंच लग्न आलं. वरात गुलाबच्या घरासमोरून निघाली. महादेव कॉर्नेट हातभर लांब धरून चाललेला, मेलेला उंदीर धरावा तसा. लोक पाहून राहिले. गुलाब ओट्यावर बसून पाहून राहिला. त्यानं मान खाली घातली.

मी ढोल उतरवला. महादेवच्या हातून कॉर्नेट घेतलं आणि तोंडाला लावलं. जन्मात कधी फुंकलं नव्हतं. छाती भरून फुंकलं.

जो आवाज निघाला त्यानं नवरदेवाचा घोडा मागं वळला. समोरच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. वरात जागच्या जागी थांबली. मी दम घेऊन पुन्हा फुंकलं.

गुलाब ओट्यावरून उठला. गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि महिन्याभरानं पहिल्यांदा बोलला.

"दामू," तो म्हणाला, "माह्या त जबड्यात पिशवी होती बे. तुले काय झालं?"